हिरव्याची पाच छायाचित्रं

जियाशिंग ह्वांग आणि रिचर्ड केनर यांचा पॉलिअ‍ॅनिलीनच्या नॅनोतंतूंवरचा २००४ सालचा शोधनिबंध चाळताना एका आकृतीपाशी हात थांबतो. एकाच काचेच्या कुपीची पाच छायाचित्रं ओळीनं लावली आहेत. तळाला क्लोरोफॉर्म, त्यात विरघळलेलं अ‍ॅनिलीन. वर पाणी, त्यात पर्क्लोरिक आम्ल आणि अमोनियम परॉक्सिडायसल्फेट हा ऑक्सिडीकारक. पहिल्या चित्रात काहीच घडलेलं नाही. मग दोन थरांच्या सीमेवर हिरवा रंग उगवतो, वर सरकतो, आणि दहाव्या मिनिटाला पाण्याचा सगळा थर गडद हिरवा झालेला असतो. कुणी काही ढवळत नाही, तापवत नाही.

या चित्रमालिकेचं मर्म रंगाच्या दिशेत आहे. हिरवा वरच का जातो? अ‍ॅनिलीन खालच्या थरात, ऑक्सिडीकारक वरच्या. दोघांची गाठ फक्त सीमेवर पडू शकते, म्हणून पॉलिमर तिथंच जन्मतो. पण आम्लाचे प्रोटॉन घेतलेलं पॉलिअ‍ॅनिलीन क्षाररूप असतं, त्याला पाणी मानवतं. तयार होताच ते सीमा सोडून पाण्यात निघून जातं. हा हिरवा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दिसतात ते एकसारख्या जाडीचे तंतू. जाडी ठरते ती आम्लावरून: हायड्रोक्लोरिक आम्ल घेतलं तर सुमारे ३० नॅनोमीटर, कॅम्फरसल्फॉनिक घेतलं तर ५०, पर्क्लोरिक घेतलं तर १२०.

पदार्थ म्हणून यात नवं काही नव्हतं. लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी १८६२ मध्येच अ‍ॅनिलीनच्या आम्लद्रावणातून वीज सोडून इलेक्ट्रोडवर निळा-हिरवा थर मिळवला होता. पॉलिअ‍ॅनिलीनसारख्या वीजवाहक पॉलिमरांना प्रतिष्ठा लाभली ती हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांच्या २००० सालच्या नोबेलनं. अडचण आकाराची होती. अ‍ॅनिलीनमध्ये ऑक्सिडीकारक थेंबथेंब सोडत जायचं, ही रूढ कृती. तिच्यातून हाती येई तो गुठळ्यागुठळ्यांचा साका. तंतू हवे असतील तर साचा घ्या, असा मग मार्ग निघाला. चार्ल्स मार्टिन यांनी सूक्ष्म छिद्रांच्या पटलात पॉलिमर वाढवला, मग पटल विरघळवून तंतू मोकळे केले. बीजिंगमध्ये मेइशियांग वान यांनी बाहेरचा साचा टाळून नॅफ्थॅलीनसल्फॉनिक आम्लाच्या रेणूंचे पुंजकेच आकार देण्याच्या कामी लावले. दोन्ही कल्पना देखण्या आहेत. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गृहीत आहे, की पॉलिअ‍ॅनिलीनला आकार कुणीतरी द्यावा लागतो.

ह्वांग-केनर नेमकं हेच गृहीत उलटवतात. त्यांचं म्हणणं असं की रूढ कृतीतही सुरुवातीला तंतूच बनतात. पण थेंब पडतच राहतात, ताजा पॉलिमर जुन्या तंतूंवर चढत जातो, आणि तंतूंच्या गुठळ्या होतात. पाक एकतारी असतानाच भांडं उतरवलं नाही की पुढं गोळीच होते, तसं हे. सीमेवरच्या प्रयोगात तंतू आपणहून पाण्यात निसटतात, म्हणून त्यांच्यावर दुसरा थर बसायला वेळच मिळत नाही.

इथं जाणकार वाचक शंका घेईल. ही सीमा तरी एक प्रकारचा साचाच कशावरून नाही? या शंकेला त्याच वर्षी 'आंगेवांटे' या नियतकालिकात त्यांनीच दिलेलं उत्तर मला मूळ प्रयोगाहून सरस वाटतं. त्यांनी सीमाच काढून टाकली. अ‍ॅनिलीन आणि ऑक्सिडीकारक, दोन्हींची पाण्यातली आम्लद्रावणं घेतली आणि थेंबाथेंबानं न घालता एकदम मिसळली. ऑक्सिडीकारक सगळीकडे सारखा पसरला, तंतू बनवण्यातच खर्ची पडला, वर थर चढवायला उरलाच नाही. परिणाम तोच, तंतू. ज्या सीमेमुळे नाव झालं तीच अनावश्यक ठरवून त्यांनी आपला सिद्धांत पक्का केला. वैज्ञानिक लेखनात हा बाणेदारपणा दुर्मीळ.

आता या तंतूंचं काम. पॉलिअ‍ॅनिलीनची वाहकता प्रोटॉनवर अवलंबून असते. अमोनियाची वाफ आली की ती प्रोटॉन काढून घेते आणि रोध वाढतो. हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ प्रोटॉन देते आणि रोध घटतो. सपाट, घट्ट पापुद्र्यात ही देवघेव आधी पृष्ठावर होते, वाफेला आत झिरपत जावं लागतं. तंतूंच्या जाळ्यात वाफ मोकळी फिरते आणि प्रत्येक तंतू इतका बारीक की त्याच्या गाभ्यापर्यंतचं अंतर नगण्य. एरोस्पेस कॉर्पोरेशनमधले शबनम विरजी आणि ब्रूस वाइलर यांच्यासह २००३ मध्ये केलेल्या मोजमापांत तंतूंच्या संवेदकानं रूढ पापुद्र्याला संवेदनक्षमता आणि वेग या दोन्हींत मागं टाकलं. पुढं असंही दिसलं की तंतूंचा थर जाड असो वा पातळ, प्रतिसादात फारसा फरक पडत नाही.

उणीवही सांगायला हवी. एकच तंतू आम्लाला, अमोनियाला, हायड्राझिनला, क्लोरोफॉर्मला आणि मिथेनॉललाही प्रतिसाद देतो. हायड्राझिन त्याचं क्षपण करतं, क्लोरोफॉर्म त्याला फुगवतं, मिथेनॉल साखळ्यांची ठेवण बदलतं. नुसता रोध पाहून वायू ओळखणं त्यामुळे अवघड. उलट हायड्रोजन सल्फाइड हे इतकं सौम्य आम्ल की ते तंतूंना जेमतेम जाणवतं. यावरचा तोडगा मात्र या कामाच्या जातकुळीला शोभणारा आहे. तंतूंत कॉपर क्लोराइड मिसळलं. हायड्रोजन सल्फाइडशी त्याची अभिक्रिया होऊन कॉपर सल्फाइड बनतं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल मोकळं होतं. तंतूंना ज्याची भाषा कळते तेच आम्ल.

हे सारं वाचून मनात ठसते ती मांडणीतली शिस्त. तंतू कसा घडवावा, हा प्रश्न या दोघांनी बाजूला ठेवला आणि तो कशानं बिघडतो, एवढंच विचारलं. उत्तर सापडल्यावर महागडं पटल नको, ते विरघळवण्याचा खटाटोप नको. जास्त माल हवा तर मोठं भांडं घ्यायचं. प्रयोगशाळेतली युक्ती आणि व्यवहारातली कृती यांच्यामधलं अंतर इतकं कमी करणारं रसायनशास्त्र क्वचित वाचायला मिळतं.