एल्कच्या मागावरील पहिली मोहीम : रूझवेल्ट यांचे एक प्रकरण

थिओडोर रूझवेल्ट यांचे ‘हंटिंग ट्रिप्स ऑफ अ रँचमन’ हे पुस्तक १८८५ साली प्रसिद्ध झाले. भावी राष्ट्राध्यक्षाचे पुस्तक म्हणूनच ते आज उघडले जाते, आणि तेथेच त्याच्या मूल्यमापनाची गल्लत होते. लिहिणारा त्या वेळी न्यू यॉर्कच्या सुखवस्तू घराण्यातील, नुकताच पश्चिमेकडे गेलेला तरुण होता. १८८४ च्या उन्हाळ्याअखेरीस डाकोटातील आपल्या गुरांच्या वाडीवरून, मेरिफिल्ड या कारभाऱ्यास बरोबर घेऊन, तो वायोमिंगमधील बिगहॉर्न पर्वतात शिकारीस गेला. पुस्तकाचे नववे प्रकरण त्या मोहिमेतील एल्कच्या शिकारीचे आहे.

‘एल्क’ या शब्दाने मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. युरोपात हे नाव मूस या प्राण्याचे. सॅम्युअल बेकर यांनी श्रीलंकेतील शिकारीवर लिहिताना सांबरालाच एल्क म्हटले. अमेरिकेतला एल्क म्हणजे वापिटी. तो सांबराचा आप्त खरा, परंतु कळपाने राहणारा, आणि शिंगांच्या फाट्यांचा विस्तार सांबराहून कितीतरी अधिक. माजावर आलेल्या नराची शीळ हे त्याचे खास वैशिष्ट्य.

या प्रकरणात दोन आवाज आहेत. एक चालणाऱ्याचा. जड बूट टाकून हरणाच्या कातड्याची मऊ पादत्राणे चढवायची, पाइनच्या वाळल्या सुयांवरून आवाज न करता पुढे सरकायचे, वारा कोठून येतो ते पाहायचे, आणि दूर रानात नराची शीळ ऐकू आली की जागच्या जागी थबकायचे. येथे गद्य सावकाश होते व वाचकही दबकत चालू लागतो. दुसरा आवाज जाणकाराचा. एल्कचा स्वभाव असा, त्याच्या सवयी अशा, त्याची शिकार साधावी ती अशी, हे तो मोठ्या अधिकाराने सांगतो. शासकीय सेवेत दौऱ्यांचे असंख्य अहवाल माझ्या नजरेखालून गेले. जिल्ह्यात प्रथमच पाऊल ठेवलेल्या अधिकाऱ्याचा अहवाल सर्वांत ठाम असे. त्यांची आठवण येथे पदोपदी होते.

ही उणीव त्याच वर्षी जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’मध्ये दाखविली होती. लेखकाचा अनुभव तोकडा आहे, त्यामुळे लेखनाला टवटवी आली आहे खरी, पण शिकाऱ्यांच्या काही दंतकथाही वस्तुस्थिती म्हणून आल्या आहेत, असा त्यांचा अभिप्राय. रूझवेल्ट तावातावाने त्यांच्या कार्यालयात गेले आणि स्नेही होऊन परतले. माझ्या मते ग्रिनेल यांनी नेमके मर्म ओळखले होते. नवखेपण ही या लेखनाची पुंजी आहे, आणि लेखक नेमके तेच झाकू पाहतो.

आणखी एक गोष्ट झाकलेली आहे. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी, एकाच घरात, एकाच दिवशी रूझवेल्ट यांची पत्नी व आई निवर्तल्या. पुस्तकात त्याचा मागमूस नाही. (१९१३ च्या आत्मचरित्रातही या पत्नीचा उल्लेख नाही.) अनेक रसिकांना नवव्या प्रकरणातील अरण्याच्या शांततेत ते दुःख ऐकू येते. मला वाटते, ते चरित्रातून ऐकू येते, पानावरून नव्हे. शिकारीच्या पुस्तकाने शोक सांगावा असा नियम नाही. परंतु जेथे माणूस दिसावयास हवा तेथे माहिती येऊन बसते, ही तक्रार उरतेच.

प्रकरणाच्या आरंभी तर एक विलक्षण विसंगती आहे. वस्ती वाढली की रानगव्यांच्या पाठोपाठ एल्कच नाहीसा होतो, असे लेखक खेदाने नोंदवतो आणि लगोलग उत्तम शिंगांच्या शोधात निघतो. या दोहोंमध्ये काही सांधायचे आहे, याची त्याला जाणीवच नाही. पुढे १८८७ मध्ये ग्रिनेल यांच्यासह त्यांनी वन्यजीवरक्षणासाठी बून अँड क्रॉकेट क्लब स्थापला आणि १९०९ मध्ये, राष्ट्राध्यक्षपद सोडण्याच्या सुमारास, एल्कच्या रक्षणासाठी माउंट ऑलिंपसचा प्रदेश राखीव केला, हे श्रेय मोठेच. पण ते १८८५ च्या पानांच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

१८९३ च्या ‘द विल्डरनेस हंटर’मध्ये टू ओशन पासच्या एल्क-शिकारीचे प्रकरण आहे. त्यात टॅझवेल वुडी हा वृद्ध वाटाड्या ठसठशीतपणे उभा राहतो, कारण लेखकाला आता दुसऱ्याकडून शिकण्यात कमीपणा वाटत नाही. अभ्यासूंनी ही दोन्ही प्रकरणे लागोपाठ वाचावीत, आधी १८८५ चे.