बालनायकाचे वय आणि माध्यमांतर : ‘फास्टर फेणे’च्या संदर्भात

प्रास्ताविक :
साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की मूळ कथानक किती बदलले, याचीच चर्चा बहुधा होते. बालसाहित्याच्या बाबतीत प्रश्न अधिक मूलभूत असतो. ती कृती ज्या वाचकासाठी जन्मली, तो माध्यमांतरानंतर प्रेक्षक म्हणून उरतो काय? भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या मानसपुत्रावर आधारलेल्या ‘फास्टर फेणे’ (२०१७) या चित्रपटाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे. आदित्य सरपोतदार हे त्याचे दिग्दर्शक, तर क्षितिज पटवर्धन हे पटकथाकार होत.

मूळ कथांतील अद्भुत :
ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या भागवतांनी फेणेच्या कथांत अद्भुत निराळ्या रीतीने साधले. फुरसुंगीच्या बनेश फेणेकडे जादूची कांडी नाही. हा किडकिडीत शाळकरी मुलगा सायकलवर टांग टाकतो, ‘टॉक्’ असा आवाज काढतो आणि मोठ्यांना न सुटलेला पेच सोडवतो. ‘जवानमर्द फास्टर फेणे’मध्ये तर तो १९६२ च्या चीन युद्धाच्या रणभूमीवर पोहोचतो. एवढी मोकळीक त्याला कोण देते, हे बालवाचक विचारीत नाही; कारण ही मोकळीक हीच त्या कथांची कल्पसृष्टी आहे. कागदावर ती वाचकाच्या कल्पनाशक्तीवर तग धरते. पडद्यावर मात्र खरा मुलगा आणि खरा रस्ता दिसू लागताच तिला कारण द्यावे लागते.

वयातील बदल आणि त्याचे परिणाम :
चित्रपटाने हे कारण नायकाचे वय वाढवून दिले. १९८० च्या दशकातील दूरदर्शन मालिकेत सुमीत राघवन यांचा फेणे कुमारवयीनच होता. चित्रपटातील अमेय वाघ यांचा बनेश मात्र वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. सोबतच्या परीक्षार्थ्याचा मृत्यू आत्महत्या ठरविला जातो. ते न मानता बनेश शोध घेतो आणि परीक्षेतील गैरव्यवहारापर्यंत पोहोचतो. गिरीश कुलकर्णी यांनी साकारलेल्या अप्पामुळे या व्यवस्थेला थंड, भयप्रद चेहरा लाभतो. रहस्यपट म्हणून ही रचना बांधेसूद आहे. परंतु मूळ बनेश कुतूहलापोटी धावतो, तर हा न्यायासाठी. साहसाचे रूपांतर कर्तव्यात होते.

मराठवाड्याच्या संदर्भात हा बदल विशेष अर्थपूर्ण ठरतो. हदगावसारख्या तालुक्यातील विद्यार्थी दहावीनंतर नांदेड-लातूरच्या शिकवणीवर्गांची वाट धरतात. २०२४ मध्ये नीट परीक्षेतील गैरप्रकारांचा तपास लातूरपर्यंत आला. त्यामुळे चित्रपटाचा विषय येथील प्रेक्षकास परका नाही. त्याची सामाजिक जाण खरी आहे. तथापि, ज्या परीक्षेने मुलांचे मोकळे बालपण आधीच आक्रसून टाकले, तीच आता त्यांच्या साहसकथेचीही भूमी होते, हा विरोधाभास दुर्लक्षिता येत नाही.

लेखक पात्ररूपात :
दिलीप प्रभावळकर यांनी चित्रपटात भागवतांचीच भूमिका केली आहे. निर्मात्याला आपल्या निर्मितीशेजारी उभे करण्याची ही कल्पना हृद्य आहे. पण तिचा आनंद मुख्यत्वे पूर्वी पुस्तके वाचलेल्या प्रौढाला मिळतो. प्रथमच फेणेला भेटणाऱ्या दहा वर्षांच्या मुलास ते केवळ एक प्रेमळ आजोबा वाटतील. शुभम मोरे यांच्या छोट्या भूमिकेत बालसुलभ चापल्य जपले गेले आहे. परंतु तेथे मूल नायक नसून साहाय्यक आहे.

समारोप :
रूपांतराने मूळ संहितेशी शब्दशः इमान राखावे, अशी अपेक्षा गैर होय. मात्र बालसाहित्याच्या रूपांतराचा निकष कथानकाच्या साम्याहून वेगळा असावा लागतो. आपणही निघू शकतो, हा विश्वास मुलाला देणे हा त्या साहित्याचा प्राण आहे. ‘फास्टर फेणे’ने वाचकांच्या एका पिढीला तिची आठवण परत दिली. आजच्या शाळकरी मुलाला त्याचा नायक देण्याचे काम मराठी चित्रपटापुढे अद्याप आहे.