'असूनही' या शब्दापलीकडची मुलाखत

मुलाखत हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे कायम ओसरीवर बसवला गेला. कथा, कविता, आत्मकथन यांची समीक्षा होते, परिसंवाद होतात. मुलाखतीला मात्र 'माहितीपर' म्हणून बाजूला सारले जाते. त्यातही स्थानिक रेडिओवरची मुलाखत म्हणजे तर वाऱ्यावरची वरात. ती प्रसारित होते, पाहुण्यांच्या नातेवाइकांचे फोन येतात, मोहल्ल्यात दोन दिवस कौतुक होते आणि तिसऱ्या दिवशी ती कोणाच्या ध्यानातही उरत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमची मुले मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकतात. मराठी साहित्य म्हणजे काय, आपल्यातला लेखक कसा असतो, याची त्यांच्या मनातली पहिली प्रतिमा पुष्कळदा पुस्तकातून येत नाही. ती अशा ऐकलेल्या बोलण्यातून येते. म्हणून या मुलाखतींकडे समीक्षकाच्या नजरेने पाहावे, असे आम्हांस वाटते.

स्थानिक केंद्रावर मुस्लिम लेखक किंवा कार्यकर्ता केव्हा बोलावला जातो? बहुधा रमजान ईदच्या आठवड्यात, नाहीतर एखाद्या दंगलीनंतर 'सलोखा' या विषयावर. प्रश्न ठरलेले असतात. लिहिण्याची प्रेरणा कोठून मिळाली? शीरखुर्मा कसा करतात? नव्या पिढीला काय संदेश द्याल? आणि या सगळ्यांच्या अगोदर, अगदी प्रेमाने विचारलेला एक प्रश्न असतो : आपण मुस्लिम असूनही इतके सुंदर मराठी कसे लिहिता? विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण 'असूनही' हा एक शब्द सगळी मुलाखत खाऊन टाकतो. पाहुणा पुढची पंधरा मिनिटे आपल्या मराठीपणाचा दाखला देत बसतो. त्याच्या कथेतले पात्र असे का वागले, त्याच्या कवितेने मुक्तछंद का निवडला, हे विचारायला वेळच उरत नाही.

या 'असूनही'ला इतिहासाचा कोणताही आधार नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला तो सतराव्या शतकात. बार्शीचे अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन उभे राहिले, तेव्हा लाखोंच्या सभांना त्यांच्या मराठीचे नवल वाटले नाही, त्यांच्या आवाजाचे वाटले. 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. इतके होऊनही मुलाखतकार पहिल्या पायरीवरच उभा असेल, तर दोष त्याच्या हेतूत नाही. दोष त्याच्या तयारीत आहे. त्याने पाहुण्याचे पुस्तक वाचलेले नसते. पुस्तक वाचले नाही की माणसाचे आडनाव वाचावे लागते.

पण एकच बाजू मांडून थांबणे बरे नव्हे. आपल्याच माणसाने आपल्याच माणसाची घेतलेली मुलाखत तरी कोठे वेगळी असते? तेथे 'जनाब', 'मौसूफ' असे संबोधत पाच मिनिटे तारीफ चालते. पदव्या, पुरस्कार, कोणाच्या हस्ते शाल मिळाली, याची यादी होते. अडचणीचा प्रश्न विचारणे म्हणजे बेअदबी, असा समज असतो. स्त्री पाहुणी असेल तर दोन्हीकडे सारखीच गत. बाहेरचा मुलाखतकार तिला तलाक आणि पडदा विचारतो, आपला मुलाखतकार घर सांभाळून कसे लिहिता ते विचारतो. तिच्या वाक्याची लय कोणीच विचारत नाही. एकीकडे संशयाची झालर, दुसरीकडे कौतुकाची. माणूस दोन्हीकडे झाकलाच जातो.

मग चांगली स्थानिक मुलाखत असते तरी कशी? याचे एक मोठे उदाहरण आपल्यापासून फार दूर, अमेरिकेतल्या शिकागो शहरात घडले. स्टड्स टर्केल नावाच्या गृहस्थांनी 1952 ते 1997 अशी पंचेचाळीस वर्षे तिथल्या डब्ल्यूएफएमटी या केंद्रावर मुलाखतींचा कार्यक्रम केला. पाच हजारांहून अधिक कार्यक्रमांचा तो ठेवा आज शिकागो हिस्टरी म्युझियमपाशी आहे आणि त्यातला मोठा भाग 2018 पासून कोणालाही घरबसल्या ऐकता येतो. केंद्र एका शहराचे, मुख्यतः अभिजात संगीत वाजवणारे. पण त्या एका खोलीत लेखक आले, गायक आले, चळवळीतली माणसे आली.

टर्केल 1912 साली न्यूयॉर्कमध्ये एका ज्यू शिंप्याच्या घरी जन्मले. पुढे कुटुंब शिकागोत आले आणि आईवडिलांनी कामगारवस्तीत भाडेकरूंसाठी खोल्यांचे छोटे हॉटेल चालवले. तिथे राहणाऱ्या कामगारांचे, बेकारांचे वाद ऐकत हा मुलगा वाढला. कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी, डाव्या विचारांच्या लोकांची नावे काळ्या यादीत जात होती त्या काळात, त्यांचा दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम बंद पडला. डब्ल्यूएफएमटीवरचा कार्यक्रम त्यांना मिळाला तो असा, दूरचित्रवाणीचे दार बंद झाल्यावर. संशयाच्या नजरेखाली राहणे म्हणजे काय हे त्यांना ऐकून ठाऊक नव्हते, सोसून ठाऊक होते. गायिका महालिया जॅक्सन यांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी ते लेखन करीत. तेव्हा त्यांच्याकडे राजनिष्ठेच्या शपथपत्रावर सही मागितली गेली. त्यांनी नकार दिला आणि महालियाबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, हे टर्केल पुढे आवर्जून सांगत. निष्ठेचा दाखला ज्याच्याकडे मागितला गेला, तो समोरच्या पाहुण्याकडे दाखला मागत नाही. त्यांच्या प्रश्नांत 'असूनही' सापडत नाही, याचे एक कारण आम्हांस हे दिसते.

दुसरे कारण साधे आहे : मेहनत. टर्केल पाहुण्याचे पुस्तक पानोपानी खुणा करून वाचत. 1961 साली कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविन यांची त्यांनी घेतलेली मुलाखत ऐकण्यासारखी आहे. तिची सुरुवात प्रश्नाने होत नाही. आधी बेसी स्मिथ या गायिकेची तबकडी वाजते, मग टर्केल विचारतात की हे ऐकताना मनात काय येते. हे नुसते नाट्य नव्हे. बाल्डविन स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात आपली पहिली कादंबरी पुरी करीत होते, तेव्हा त्यांनी याच गायिकेच्या तबकड्या सोबत नेल्या होत्या. लहानपणी जी बोली ते बोलत होते आणि मोठेपणी जिची त्यांना लाज वाटू लागली होती, ती या गाण्यांनी त्यांना परत दिली, हे त्यांनी लिहून ठेवले होते. मुलाखतकाराने ते वाचले होते, म्हणून तबकडी ठेवण्याचे सुचले. एका तबकडीने वंश, भाषा, लाज आणि साहित्य हे चारही विषय उघडले, आणि लेखकाला स्वतःची बाजू मांडत बसावे लागले नाही.

आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्यातला कोणता लेखक घरात एक आणि कागदावर दुसरी भाषा लिहीत नाही? कोणी घरी दखनी बोलतो, कोणी बागवानी, कोकणातला मुसलमान आपली स्वतंत्र बोली बोलतो. शाळेत उर्दूच्या तासाला ती अशुद्ध ठरते, मराठीच्या तासालाही अशुद्ध ठरते. आमच्या वर्गातली मुले तोंड उघडण्याआधी वाक्य मनात दोनदा धुऊन घेतात. यातून जो लेखक पुढे आला, त्याला विचारण्याजोगा प्रश्न 'इतके चांगले मराठी कसे' हा नाही. 'तुमच्या अम्मीचे कोणते वाक्य तुम्हांला अजून मराठीत लिहिता आलेले नाही?' हा आहे. असा एक प्रश्न विचारला गेला, तर आपल्या साहित्याविषयी दहा परिसंवादांत निघत नाही ते पंधरा मिनिटांत निघेल.

टर्केलांचे तिसरे वैशिष्ट्य म्हणजे नामवंत आणि सामान्य यांच्यात त्यांनी ठेवलेली बरोबरी. 1975 साली मुहम्मद अली यांचे आत्मचरित्र आले तेव्हा ते टर्केलांशी बोलले. अलींविषयी आपल्या समाजात जिव्हाळा आहेच. पण ज्या कानांनी त्यांनी अलींना ऐकले, त्याच कानांनी वेट्रेस, पोलादकामगार आणि कबरी खोदणारा यांना ऐकले. त्यातून 1967 मध्ये शिकागोच्या रहिवाशांवरचे 'डिव्हिजन स्ट्रीट : अमेरिका' आणि 1974 मध्ये लोकांच्या कामधंद्यावरचे 'वर्किंग' ही पुस्तके झाली. 'द गुड वॉर'ला 1985 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते एक प्रसंग नेहमी सांगत. गरीब वस्तीतल्या एका बाईंचे बोलणे ध्वनिमुद्रित केले, मुलांनी आईचा आवाज ऐकण्याचा हट्ट धरला, आणि स्वतःचे बोलणे पहिल्यांदाच ऐकून त्या बाई चकित झाल्या. आपल्या मनात असे काही आहे हे आपल्यालाच माहीत नव्हते, असे त्या म्हणाल्या. मुलाखत माहिती गोळा करण्यासाठी असते, या समजुतीला येथे तडा जातो. बोलणाऱ्याला स्वतःची ओळख पटणे, हेही तिचे काम आहे.

टर्केलांना डोक्यावर घेऊन नाचावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांचे प्रश्न पुष्कळदा लांबतात आणि उत्तर कोठे जावे याची वाट आखूनच येतात. त्यांचा कल उघड होता. त्या कलाशी जुळणारा पाहुणा फुलतो, न जुळणारा जरा आखडतो. पुस्तकांत तर त्यांनी आपले बहुतेक प्रश्न गाळले आणि उत्तरांची मांडणी बदलली. त्यामुळे वाचकाला वाटते की माणूस आपणहून असे सलग बोलला. कोणत्या प्रश्नाने हे बोलणे घडवले, ते झाकले जाते. म्हणून त्यांची पुस्तके वाचण्यापेक्षा मूळ मुलाखती ऐकणे अधिक प्रामाणिक आहे. पण ही टीका करता येते, याचे कारणच मुळी त्या फिती जपल्या गेल्या हे आहे.

आणि येथेच आपल्या स्थितीशी खरी गाठ पडते. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांना रेडिओचे ऋण आहे. मंटो दिल्लीच्या आकाशवाणीवर नाटके लिहीत होते, व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम सांभाळीत होते. लेखकाला नोकरी देणारे आणि श्रोत्याला लेखक देणारे असे ते घर होते. पण त्या घरात जपणुकीची शिस्त अपुरी पडली. फीत महाग, म्हणून एका मुलाखतीवर दुसरी चढवली जाई. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचे दार उघडले. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी केंद्रे त्यातून उभी राहिली. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तिथेच तयार व्हावा, अशी त्या धोरणातली अट आहे. ती उत्तम आहे. पण प्रसारित कार्यक्रम जपून ठेवण्याचे बंधन आहे ते तीन महिन्यांचे. तीन महिन्यांनंतर तो आवाज ठेवायचा की पुसायचा, हे केंद्राच्या मर्जीवर. शिकागोतले पंचेचाळीस वर्षांचे कपाट आणि आपले तीन महिने, यांतला फरक पैशाचा आहेच. पण त्याहून अधिक तो आपल्या माणसांचे बोलणे ठेवण्याच्या लायकीचे आहे असे मानण्याचा आहे.

आपल्याकडे काय हरवते आहे, ते पाहा. मालेगावचा यंत्रमाग कामगार, सोलापूरचा विणकर, कोकणातला जहाजावर उमेद घालवलेला खलाशी, उरुसात कव्वाली म्हणणारा गवई, मुलींना पहिल्यांदा शाळेत घालणारी आई. यांनी पुस्तके लिहिली नाहीत आणि आता लिहिणारही नाहीत. आपल्या साहित्यावर नेहमी आक्षेप येतो की त्यात अनुभवाचा पट छोटा आहे. अनुभव छोटा नाही; तो ऐकणारा कान छोटा आहे. आज ध्वनिमुद्रणाला मोठी यंत्रणा लागत नाही, खिशातला मोबाईल पुरतो. बारावीच्या मराठी युवकभारतीत 'मुलाखत' हा घटक आहे. तो परीक्षेच्या गुणांपुरता पाठ करवून घेण्याऐवजी मुलांना त्यांच्या दादा-दादीपुढे बसवता येईल. आधी तासभर तयारी, मग मोजके प्रश्न, आणि मग गप्प बसण्याची सवय. शिक्षकाला हे शेवटचे सर्वांत कठीण जाते, हे आम्ही व्यवसायाने जाणतो.

स्थानिक केंद्रांकडे आमची मागणीही फार मोठी नाही. ईदखेरीज एखाद्या साध्या मंगळवारी आपला लेखक बोलवावा. बोलावण्याआधी त्याचे एक पुस्तक वाचावे. आणि झालेली मुलाखत जवळच्या वाचनालयात किंवा महाविद्यालयात जतन करावी. आपल्या मासिकांनी, वार्षिकांनी आणि संमेलनांनीही मुलाखतीला सत्काराचा जोडधंदा न समजता समीक्षेचा विषय मानावे. 'असूनही' हा शब्द बाहेरून आला हे खरे. पण नीट विचारलेला प्रश्न आपल्याकडून सुरू झाला, तर तो शब्द फार दिवस टिकणार नाही.