वडील, मुलगा आणि कलम २१

२०१७ च्या पुट्टस्वामी निकालाची गोष्ट कशी सांगतात? वडिलांचा निकाल मुलाने खोडला. चंद्रचूड पिता-पुत्र, खरंच आहे. पण तत्त्व कुठे गेलं?

आणीबाणीतही स्थानबद्धाला कोर्टाचं दार बंद नाही, असं आपल्या नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक असं उलटवलं. त्या एकाने, न्या. खन्नांनी, सांगितलं: जीविताचा हक्क एकट्या कलम २१ वर टेकलेला नाही, ते कलम नसतं तरी कायद्याविना कुणाला कोंडता येत नाही. चौघे मात्र कलमाला चिकटून बसले! १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने संसदेने कलम २१ ला स्थगितीपासून वाचवलं. न्यायालयाला स्वतःचा निकाल पुसायला आणखी ३९ वर्षं लागली.