समलिंगी विवाहाचा वाद : प्रसारमाध्यमे आणि ध्रुवीकरणाचा आभास

प्रसारमाध्यमे राजकीय ध्रुवीकरण घडवितात, हे विधान अमेरिकेतील समलिंगी विवाहाच्या वादाविषयी नेहमी केले जाते आणि ते बव्हंशी सार्थ आहे. नोव्हेंबर 2004 मध्ये अध्यक्षीय निवडणुकीच्याच दिवशी तेथील 11 राज्यांत अशा विवाहाविरुद्धच्या घटनादुरुस्त्यांवर मतदान झाले व हा प्रश्न पक्षनिष्ठेची खूण बनला. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने हक्क मान्य केल्यानंतरही दरी उरलीच. गॅलप संस्थेच्या 2025 च्या पाहणीत डेमोक्रॅटिक पक्षाचे 88 टक्के, तर रिपब्लिकन पक्षाचे 41 टक्के समर्थक या विवाहास अनुकूल आढळले. भारतातील वादाचा अर्थ याच चौकटीत लावणे मात्र दिशाभूल करणारे ठरते.

कारण येथे पक्षांची तशी फाळणी झालीच नाही. 2023 साली केंद्राने राज्यांची मते मागविली, तेव्हा भाजपशासित आसामप्रमाणेच तत्कालीन काँग्रेसशासित राजस्थाननेही विरोध कळविला. आंध्र प्रदेशातील वायएसआर काँग्रेसच्या सरकारनेही तेच केले. महाराष्ट्राने अधिक वेळ मागितला. एरवी परस्परविरोधी असणारे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ व जमियत उलेमा-ए-हिंद या प्रश्नावर एकाच बाजूस उभे होते. असे असता वृत्तवाहिन्यांवरील चर्चांनी ‘परंपरा विरुद्ध आधुनिकता’ हा ठरीव सामना रंगविला. त्याचा लाभ राजकीय पक्षांना झाला. धर्मगुरू व कार्यकर्ते यांच्यात खडाजंगी चालू असताना, 1954 च्या विशेष विवाह कायद्यात बदल करण्यास आपण तयार आहोत काय, याचे उत्तर कोणत्याही मोठ्या पक्षाला द्यावे लागले नाही.

केंद्राने न्यायालयात वापरलेला ‘शहरी अभिजनांचे मत’ हा शब्दप्रयोग याच सामन्यात सहज सामावला. वास्तविक वृत्तपत्रांचे स्वतःचेच जुने अंक त्याचे खंडन करण्यास पुरेसे होते. 1987 च्या अखेरीस मध्य प्रदेशात दोन महिला पोलीस शिपायांनी गांधर्व विवाह केला होता. ती बातमी देशभर गाजली व दोघींची नोकरी गेली. त्यांना अभिजन कोण म्हणेल? सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावणीतच अशा दाव्याला आकडेवारीचा आधार नसल्याचे सुनावले.

आकडेवारीची अवस्था तर अधिकच उद्बोधक आहे. एप्रिल 2023 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने आपल्या ठरावात देशातील 99.9 टक्क्यांहून अधिक लोक या विवाहाच्या विरोधात असल्याचे म्हटले. त्याच वर्षीच्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत 53 टक्के भारतीय प्रौढ अनुकूल व 43 टक्के प्रतिकूल आढळले. पाहण्यांनाही मर्यादा असतात, हे खरे. परंतु एवढ्या तफावतीची छाननी करणे हे पत्रकारितेचे प्राथमिक कर्तव्य होय.

घटनापीठाच्या या सुनावणीचे थेट प्रक्षेपण झाले. त्यामुळे मध्यस्थाविना विचारमंथन नागरिकांपर्यंत पोहोचेल, ही अपेक्षा रास्त होती. प्रत्यक्षात दहा दिवसांच्या युक्तिवादांतून काही सेकंदांचे तुकडे समाजमाध्यमांवर फिरले. स्त्री वा पुरुष ही संकल्पना केवळ शरीररचनेवर अवलंबून नाही, अशा आशयाच्या सरन्यायाधीशांच्या विधानाचीही तीच गत झाली. न्यायालयातील बोलण्याची उत्तरे आता न्यायालयात नव्हे तर ट्रोलिंगमधून मिळतात, अशी खंत त्यांना सुनावणीदरम्यानच व्यक्त करावी लागली.

17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात विवाहाचा मूलभूत हक्क पाचही न्यायमूर्तींनी नाकारला. नागरी सहजीवनाच्या मान्यतेवर मात्र 3 विरुद्ध 2 असा मतभेद राहिला. भिन्नलिंगी नात्यातील पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्यांखाली विवाह करता येतो, हेही न्यायालयाने मान्य केले. ‘नकार’ या एकाच शब्दाच्या मथळ्यात हा तपशील मावणारा नव्हता. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

दरम्यान 2024 साली केंद्राने काही परिपत्रके काढली होती. त्यांनुसार अशा जोडीदारांना एकत्र शिधापत्रिका व संयुक्त बँक खाते मिळण्यात अडसर नसावा आणि जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, अशी अपेक्षा आहे. रुग्णालयाच्या शवागाराशी ताटकळणाऱ्या माणसाला या कागदाची माहिती असणे वा नसणे निर्णायक ठरते. परंतु परिपत्रकात दोन बाजू नसतात, म्हणून त्यावर रात्री नऊची चर्चा रंगत नाही.