गोमंतभूमीची स्तुती आणि तिचा पाषाण

गोमंतकाच्या भूमीची स्तुती मराठीत व कोंकणीत इतकी झाली आहे की, तीत आणखी भर घालण्याचे प्रयोजन उरलेले नाही. प्रयोजन आहे ते त्या स्तुतीच्या परीक्षणाचे. ज्या भूमीला आपण माता म्हणतो, तिचे सर्वांग आपल्या वाङ्मयाने पाहिले आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे विचारीत आहोत. त्यासाठी एक पुराण व एक कविता अशा दोन रचना आम्ही समोर ठेवतो.

स्कंदपुराणाचा भाग मानले जाणारे 'सह्याद्रिखंड' जर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली मुंबईत संपादून प्रसिद्ध केले. परशुरामाने समुद्र मागे सारून भूमी मिळविली, ही कथा आपल्या घरोघरी त्याच परंपरेने आली. भूशास्त्र मात्र निराळा क्रम सांगते. अनमोड घाटातील पट्टिताश्म सुमारे ३४० कोटी वर्षांचा आहे. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा असून गोव्याच्या केवळ ईशान्य कोपऱ्यास तो स्पर्श करतो. म्हणजे सह्याद्रीचा पाया समुद्रातून कालपरवा वर आलेला नव्हे. तथापि यावरून कथा त्याज्य ठरते, असे आम्हांस वाटत नाही. जुवारी-मांडवीच्या काठची खाजने पाहावी. खाऱ्या पाण्यास बांध घालून, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीचे नियमन करून, गावकाऱ्यांनी तेथे खरोखरच समुद्राकडून शेत मिळविले. पुराणाची दृष्टी त्या सखल पट्टीपुरती यथार्थ आहे. पट्टीच्या वर उभ्या असलेल्या पाषाणाविषयी मात्र कथेला फारसे सांगावयाचे नाही.

आता कविता. बा. भ. बोरकर (१९१०-१९८४) यांची 'माझ्या गोव्याच्या भूमीत' ही रचना ज्याच्या ओठांवर नाही, असा गोमंतकीय विरळा. नादमाधुर्य आणि अकृत्रिम वात्सल्य यांत तिला तोड नाही, हे आम्ही प्रथमच मान्य करतो. परंतु तिच्यात भूमी येते ती माडांतून, फळाफुलांतून, सागराच्या चंदेरी पाण्यातून. कडाही येतो, पण दुधासारखे पाणी देण्यापुरता. कवीला भूमीचे दान दिसले. दाता दिसला नाही. बोरकरांचा तो अधिकार होता, कारण एका कवितेने सर्व काही सांगावे असा नियम नाही. आमचा आक्षेप पुढील अनुकरणकारांवर आहे. त्यांनी माड आणि सागर हीच गोव्याची व्याख्या करून टाकली.

या व्याख्येतून वगळला गेला तो जांभा. मुसळधार पाऊस व कडक ऊन यांच्या युगानुयुगांच्या आलटापालटीने मूळ खडकातील सिकता वाहून जाते, लोह व ॲल्युमिनियम मागे उरते आणि तांबडा, सच्छिद्र पाषाण तयार होतो. खाणीत तो कुऱ्हाडीने कापता येतो. वाऱ्या-उन्हात तो कठीण होतो. हरवळ्याची लेणी त्याच्यातच कोरलेली आहेत. कुशावतीकाठी उसगाळीमळ येथे आदिमानवाने चित्रे कोरली तीही जांभ्यावरच. १५६० साली कुशस्थळीहून मंगेश प्रियोळास आला. तेव्हापासून अंत्रुजात जी देवळे उभी राहिली, त्यांच्या चुन्याच्या शुभ्र गिलाव्याआड बहुधा हाच चिरा आहे. आपण कळसास हात जोडतो, चिऱ्याचे नावही घेत नाही.

ही केवळ वाङ्मयीन उणीव असती तर आम्ही एवढे लिहिले नसते. जांभ्याचा सडा वर्षातील आठ महिने भाजलेला, उघडा दिसतो. म्हणून आपण त्याला 'पडीक' म्हणतो. पण पावसाळ्यात पडणारे पाणी हाच सडा आपल्या छिद्रांतून आत घेतो आणि उतारावरील झऱ्यांनी सावकाश सोडतो. त्या झऱ्यांवर कुळागरे जगतात, देवळांच्या तळ्या भरतात. श्रावणात त्याच कातळावर 'सीतेची आसवे' निळी फुलतात. पेडण्यातील मोपाच्या सड्यावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळ हवा की नको हा वाद येथे नाही; परंतु असा सडा जाताना आपल्या काव्याकडे त्याच्यासाठी एकही शब्द नसावा, ही गोष्ट आम्हांस बोचते. ज्याला वाङ्मयात नाव नाही, त्याचे मोल ठरविणे परक्या हाती जाते.

पुराण आणि काव्य यांनी जे सोडले, ते आपल्या उपासनेने मात्र सोडलेले नाही. सातेरीच्या गर्भागारात आजही वारूळ पूजिले जाते. तेथे अलंकार नंतर येतो, माती आधी. ज्या समाजाने वारुळाच्या मातीत देवी ओळखली, त्याच्या कवींना सड्याच्या कातळात काव्य ओळखणे अवघड जाऊ नये. बोरकरांचे ऋण फेडण्याचा मार्गही, आमच्या मते, त्यांच्या माडांची पुनरुक्ती करणे हा नसून, ते माड ज्या पाण्यावर उभे आहेत त्याचा उगम शोधणे हाच आहे.