नोकरी आणि सोबत : सेंत-एक्झ्युपेरीच्या दोन पुस्तकांतील विमानसेवा

विमान कंपनीतील नोकरी हा विषय ज्या लेखकांनी गांभीर्याने हाताळला, त्यांत आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी या फ्रेंच लेखकाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आपल्याकडे तो मुख्यतः छोट्या राजपुत्राच्या कथेचा कर्ता म्हणून परिचित आहे. तथापि त्याच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे टपालाच्या थैल्या वाहण्यात गेली. १९२६ साली तूलूझ येथील लातेकोएर कंपनीत त्याने वैमानिकाची नोकरी धरली. १९२७ मध्ये सहाराच्या किनाऱ्यावरील काप जूबी या ठाण्याचा तो प्रमुख झाला. आणि १९२९ मध्ये, कंपनी एरोपोस्ताल या नावाने चालू असता, ब्वेनोस आइरेस येथे तिच्या आर्जेन्टिनी शाखेचा कारभार त्याच्याकडे आला. या नोकरीतून निर्माण झालेल्या लेखनापैकी ‘व्हॉल द न्युई’ म्हणजे ‘रात्रीचे उड्डाण’ (१९३१) ही कादंबरी आणि ‘तेर देझोम’ म्हणजे ‘माणसांची भूमी’ (१९३९) हे आठवणीवजा पुस्तक, या दोहोंचा विचार येथे करावयाचा आहे.

या पुस्तकांकडे पाहण्याची एक दृष्टी रूढ होऊन बसली आहे. ‘रात्रीचे उड्डाण’ला आंद्रे जीद याने प्रस्तावना लिहिली आणि माणसाचे सुख स्वातंत्र्यात नसून कर्तव्याच्या स्वीकारात आहे, हा विचार या कादंबरीचे मर्म म्हणून पुढे मांडला. त्याच वर्षी कादंबरीला फेमिना पारितोषिक मिळाले. तेव्हापासून हे लेखन शौर्याचे व कर्तव्यनिष्ठेचे साहित्य म्हणून वाचले जाते. हे वाचन चुकीचे आहे असे नाही. परंतु त्याने एक गोष्ट दृष्टीआड होते. ही सारी माणसे पगारी नोकर आहेत. त्यांना वक्तशीरपणाबद्दल बक्षिसी मिळते व ती कापलीही जाते. त्यांना शिक्षा होतात, बडतर्फ केले जाते. त्यांच्या बायकांना विम्याची रक्कम मिळेल की नाही ही चिंता त्यांच्या मनात असते. शौर्य पाहणाऱ्या समीक्षेला हे तपशील किरकोळ वाटतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या पुस्तकांचे सत्य नेमके त्याच तपशिलांत आहे, आणि दोन पुस्तकांतील खरा भेदही तेथेच दिसतो.

१

प्रथम दोन-तीन शब्दांचा विचार करू. आपल्या कामासाठी सेंत-एक्झ्युपेरी जो शब्द पुनःपुन्हा योजतो तो ‘मेतिए’ होय. कसब, पेशा, अंगी मुरलेली विद्या अशा अर्थच्छटा त्यात आहेत. या शब्दाचे मूळ लॅटिन ‘मिनिस्तेरियुम’ असून त्याचा अर्थ सेवा, चाकरी असा आहे. म्हणजे चाकरीवाचक शब्द फ्रेंचमध्ये वर चढत कसबाच्या प्रतिष्ठेला पोचला. आपल्या ‘नोकर’ शब्दाचा प्रवास नेमका उलट झाला. तो फारसीतून मराठीत आला, पण फारसीत तो मंगोल भाषेतून गेला. आणि तेथे ‘नोकोर’ म्हणजे सोबती, सांगाती. चंगीझखानाच्या काळी आपले कूळ सोडून एखाद्या नायकाशी स्वेच्छेने निष्ठा जोडणाऱ्या अनुयायास हा शब्द लावीत. आपल्यापर्यंत येता येता सोबत्याचा चाकर झाला. तिसरा शब्द ‘कामाराद’. हा स्पॅनिशमधून फ्रेंचमध्ये आला. एका खोलीत राहणारा तो कामाराद.

व्युत्पत्तीवरून शब्दाचा आजचा अर्थ सिद्ध होत नाही, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. येथे हे शब्द पुरावा म्हणून आणलेले नाहीत. चाकरी, कसब आणि सोबत या तीन गोष्टी एकमेकींत किती सहज मिसळतात, एवढेच त्यांवरून लक्षात घ्यावयाचे आहे. विमान कंपनीत काम करणे म्हणजे काय, या प्रश्नाला सेंत-एक्झ्युपेरीने दिलेली दोन उत्तरे या तिहींच्या वेगवेगळ्या प्रमाणांतून तयार झालेली आहेत.

२

‘रात्रीचे उड्डाण’मध्ये एकाच रात्रीची कथा आहे. पॅटागोनिया, चिली आणि पॅराग्वे या तीन दिशांनी टपालाची विमाने ब्वेनोस आइरेसकडे येत आहेत. ती आली की मध्यरात्रीच्या सुमारास युरोपचे टपाल निघावयाचे. या साऱ्या मार्गांची जबाबदारी रिव्हिएर या अधिकाऱ्यावर आहे. रात्री उडण्याचा आग्रह त्याचाच. त्याचा युक्तिवाद साधा आहे : आगगाडी व आगबोट रात्रीही चालतात, दिवसा विमानाने मिळविलेली आघाडी ते रात्री थांबले की वाया जाते. समीक्षक या वाक्याशी फारसे थांबत नाहीत. परंतु वैमानिक फाब्यें ज्या वादळात सापडतो, त्याचे एक कारण आकाशात असले तरी दुसरे कारण वेळापत्रकात आहे, हे लेखकाने येथे लपविलेले नाही. मरणाचा धोका व्यापारी स्पर्धेतून आलेला आहे.

रिव्हिएर आपल्या माणसांना कसे वागवितो हे पाहावे. विमान उशिरा सुटले तर वैमानिकाची वक्तशीरपणाची बक्षिसी जाते. उशीर हवामानामुळे झाला असला तरीही. हे न्याय्य आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. निघण्याची इच्छा माणसात निर्माण व्हावी, एवढाच त्याचा हेतू. तपासनीस रोबिनो हा एकाकी मनुष्य अँडीज ओलांडून आलेल्या पेलरें या वैमानिकाशी मैत्री जोडू पाहतो. रिव्हिएर त्याला बोलावून त्याच पेलरेंवर शिक्षेचा कागद लिहावयास लावतो. कारण उद्या याच वैमानिकाला धोक्याच्या उड्डाणाचा हुकूम द्यावा लागेल, आणि हुकूम देणाऱ्याने मित्र होऊन चालत नाही. रोब्ले हा वृद्ध मेकॅनिक. आर्जेन्टिनातील पहिले विमान त्याच्या हातांनी जोडलेले. जोडणीतील एका चुकीसाठी त्याला काढले जाते. हमालाचे काम देऊ केले असता तो स्वाभिमानाने नाकारतो. त्यानंतर रोब्लेचे काय झाले, हे कादंबरी सांगत नाही.

या कचेरीची भाषाही लक्षणीय आहे. रिव्हिएर आपल्याबरोबर म्हातारा होत आलेल्या लेरू या फोरमनला, आयुष्यात प्रेमाकडे लक्ष द्यावयास सवड मिळाली का, असा अगदी खाजगी प्रश्न विचारतो. पण तोही आदरार्थी ‘व्हू’ने. मराठीत याला ‘अहो-जाहो’ म्हणता येईल. मात्र या ‘अहो’त आदरापेक्षा अंतर अधिक आहे. फाब्येंचे वादळ या कचेरीत बिनतारी संदेशांच्या तुकड्यांतून पोचते, आणि मग तुकडेही थांबतात. इंधन संपत आलेला फाब्यें ढगांतील एका फटीतून ताऱ्यांच्या प्रकाशात वर निघतो, त्या क्षणाचे वर्णन अत्यंत सुंदर आहे. परंतु ते सौंदर्य कचेरीतील कोणालाही कळत नाही. त्याची पत्नी दूरध्वनीवर विचारते तेव्हा तिला कारकुनाची टाळाटाळीची उत्तरे मिळतात. पुढे ती स्वतः येते, तेव्हा लेखक दोघांनाही आपापले सत्य बहाल करतो : रिव्हिएरच्या बाजूला कार्य, तिच्या बाजूला घरातला दिवा आणि मांडलेले जेवण. दोघांना एकमेकांशी बोलता येईल अशी भाषा मात्र त्या खोलीत नाही. फाब्यें हरवतो, आणि युरोपचे टपाल त्याची वाट न पाहता सुटते.

ही कादंबरी लिहिताना लेखक स्वतः ब्वेनोस आइरेसच्या कचेरीत कारभार पाहत होता, हे विसरता येत नाही. ती त्याने आपला वरिष्ठ दिदिए दोरा याला अर्पण केली आहे, आणि तेथेही संबोधन ‘मस्य’ असे, अंतर राखणारेच आहे. म्हणून कथन बव्हंशी रिव्हिएरच्या खुर्चीजवळ राहते, आणि रोब्लेला एक प्रसंग पुरतो. हा कादंबरीचा दोष म्हणता येईल. परंतु खुर्चीजवळ राहूनही तिने हिशेबाचे पान फाडून टाकलेले नाही. रिव्हिएरवर मुग्ध झालेल्या वाचकालाही रोब्लेचे हात तिने दाखविले आहेत.

३

‘माणसांची भूमी’ उघडताच हवा बदलते. पहिले प्रकरण ‘लाइन’ या नावाचे आहे. आपल्या कंपनीला हे लोक असेच म्हणत. दुसरे प्रकरण ‘सोबती’. पुस्तक आंरी गियोमे या सोबत्याला अर्पण केलेले, आणि त्याला उद्देशून जे लिहिले आहे ते ‘तू’ म्हणून. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या रात्री हा गियोमे नवख्या सेंत-एक्झ्युपेरीला स्पेनचा नकाशा समजावून देतो. त्यात लोकसंख्या नाही, डोंगरांच्या उंची नाहीत. ग्वादीसजवळच्या शेताच्या कडेची संत्र्याची झाडे आहेत, मोत्रीलजवळ गवतात दबा धरून बसलेला ओढा आहे, उतारावरची मेंढरे आहेत. कोठे उतरता येईल आणि कोठे मरण आहे, हे कंपनीच्या नियमावलीत नसलेले ज्ञान एक नोकर दुसऱ्याला देतो. येथे ‘नोकर’ शब्दाचा जुना मंगोल अर्थ जिवंत झालेला दिसतो.

आपणांपैकी बहुतेकांनी हे पुस्तक इंग्रजीतून वाचलेले असते. त्या भाषांतराच्या नावात वारा, वाळू आणि तारे आहेत. मूळ नावातील माणसे गळाली आहेत. शौर्यपर वाचनाला या नावाने हातभार लावला असल्यास नवल नाही.

परंतु सोबतीच्या या वर्तुळालाही कुंपण आहे. पहाटे विमानतळाकडे जाणाऱ्या जुन्या बसमध्ये वैमानिकाशेजारी कारकून व जकातीचे नोकर बसलेले आहेत. लेखक शेजारच्या म्हाताऱ्या कारकुनाला मनोमन सोबती म्हणून हाक मारतो आणि लगेच त्याची कीव करतो : याला बंदिस्त जगण्यातून कोणी सोडविले नाही, आता फार उशीर झाला. हा उतारा फार वाखाणला जातो. पण बस एकच आहे, पगाराची तारीखही दोघांना आहे. एकाच्या नोकरीत तारे आहेत व दुसऱ्याच्या नाहीत, एवढ्यावरून एकाला जागा आणि दुसऱ्याला निद्रिस्त ठरविणे अन्यायाचे आहे. शेवटी विमानाची थैली भरण्यासाठी पत्रे मोजणारा कोणी तरी कारकूनच असतो.

हा दृष्टिभेद कोठून आला? एरोपोस्ताल कंपनी १९३१ मध्ये दिवाळखोरीत निघाली. १९३२ मध्ये दोराला जावे लागले. १९३३ मध्ये कंपनीचा अवशेष एअर फ्रान्समध्ये विलीन झाला. आणि १९३६ च्या डिसेंबरात मेर्मोझ दक्षिण अटलांटिकवर नाहीसा झाला. म्हणजे १९३९ च्या पुस्तकातील ‘लाइन’ लिहितेवेळी अस्तित्वातच नव्हती. स्मरणात मालक विरून जातो आणि सोबती उरतात. ही स्मृतीची रीतच आहे. तिला खोटेपणा म्हणू नये, पण पूर्ण सत्यही मानू नये.

आणि लेखकाच्या प्रामाणिकपणाची खूण अशी की, या पुस्तकाच्या सर्वोच्च प्रसंगातही नोकरी पुन्हा डोके वर काढते. १९३० च्या जूनमध्ये, म्हणजे तेथील हिवाळ्यात, गियोमे अँडीजच्या बर्फात कोसळला आणि कित्येक दिवस-रात्री चालत राहिला. एकदा तो पडला आणि उठण्याची इच्छा संपली. तेव्हा त्याला पत्नीची आठवण झाली, आणि विम्याची. माणूस बेपत्ता झाला तर कायद्याने त्याला मृत ठरविण्यास चार वर्षे लागतात. तोवर तिला काही मिळणार नाही. उन्हाळ्यात प्रेत सापडावे म्हणून समोरच्या खडकापर्यंत पोचण्यासाठी तो उठला, आणि उठल्यावर चालत राहिला. ज्या प्रसंगावर सोबतीचे सारे काव्य उभे आहे, त्याच्या मुळाशी विमापत्रातील एक कलम आहे. याने गियोमेचे मोठेपण उणावत नाही. तो कोणासाठी आणि कोणत्या अटींवर चालला, हे त्यामुळे कळते.

४

तात्पर्य, ही दोन पुस्तके परस्परांना पूरक म्हणून वाचली पाहिजेत. केवळ दुसरे वाचणारास नोकरी ही सोबत वाटेल. केवळ जीदच्या प्रस्तावनेतून पहिले वाचणारास ती तपश्चर्या वाटेल. दोन्ही एकत्र वाचली असता दिसते ते असे की, विमानसेवेतील माणूस एकाच वेळी सोबतीही असतो व चाकरही. आणि त्याच्या कामाची किंमत ठरविणारी भाषा बहुधा दुसऱ्याच्या हाती असते.

मराठीत तर या व्यवसायाला आपण ‘विमानसेवा’ हेच नाव दिले आहे, आणि सेवा म्हटले की तीत हिशेब विचारणे अप्रशस्त वाटू लागते. १९४९ च्या जानेवारीत आपल्याकडे रात्रीची टपालविमाने सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि ती परत फिरत. ब्वेनोस आइरेसची मध्यरात्र नागपुरासही होती. तिच्यावर लिहू पाहणाऱ्याने सेंत-एक्झ्युपेरीकडून ताऱ्यांचे वर्णन तर शिकावेच. परंतु त्या रात्री थैल्या कोणी उचलल्या, उशिराबद्दल कोणाचे पैसे कापले गेले आणि घरी कोण जागे होते, हे विचारावयासही त्याच्याकडूनच शिकावे.